मी रिकामी गेले तो रविवार

मित्रांनो, मी एक जुनी काचेची डिश आहे, ओव्हनमध्ये ठेवतात तशी खोल आणि जड. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या आमच्या छोट्या गावातलं जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघर मी पाहिलेलं आहे. माझ्या बुडाला चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर मालकिणीचं नाव, मार्डेल हॉगेन. नाव लागतंच, कारण आमच्याकडे डिश घरात बसून राहत नाही.

कोणाकडे बाळ झालं, कोणाचं हाड मोडलं, कोणी वारलं, की मार्डेल माझ्यात खिमा आणि मशरूमचं दाट सूप घाली, वर बटाट्याचे तुकडे रचून भाजे आणि टॉवेलात गुंडाळून मला त्या घरी पोचवी. याला आम्ही हॉटडिश म्हणतो. दारात फारसं बोलायचं नाही. जास्तीचं झालं होतं, एवढंच सांगायचं. ते खोटं असतं, हे सगळ्यांना ठाऊक.

मार्डेलचं पित्ताशय काढलं तेव्हा आमच्या घरी इतक्या डिश आल्या, की फ्रीजचं दार लागेना.

पुढे तिच्या तरुण मुलाला, लोवेलला, भिंतीतून आवाज ऐकू येऊ लागले. एका दुपारी शेरीफची पोलीसगाडी त्याला इस्पितळात घेऊन गेली. समोरच्या आर्डिसबाईंच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. त्या आठवड्यात एकही डिश आली नाही. लोवेल औषधं घेऊन घरी परतला, तरी नाही. गाव दुष्ट नव्हतं. आपण विचारलं तर तिला लाज वाटेल, असं ज्याला त्याला वाटत होतं. मला विचाराल तर ती सभ्यता नव्हे. ती इस्त्री केलेली भीती होती.

मार्डेलचा नवरा आधीच गेलेला. लोवेल झोपत नसे, म्हणून तीही झोपत नसे. सिंकपाशी उभ्यानेच कोरडा पाव खाई. मी कपाटात उपडी पडलेली. शेवटी डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, की ती कोलमडली तर लोवेलला दूरच्या सरकारी इस्पितळात ठेवावं लागेल.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. मार्डेलने मला धुतलं, पुसलं आणि तसंच उचललं. लोवेलला गाडीत थांबवून ती खाली आली आणि वाफाळत्या डिशांच्या मधोमध तिने मला ठेवलं. रिकामी. असं आमच्या गावात कधी कोणी केलं नव्हतं. मला वाटलं, ओव्हनमध्ये जे झालं नाही ते आता होणार, मी लाजेने तडकणार. पण तिने माझी कड घट्ट धरून ठेवली होती.

"अगं मार्डेल, भरायची विसरलीस," आर्डिसबाई हळूच म्हणाल्या.

"विसरले नाही. माझ्या लोवेलला स्किझोफ्रेनिया आहे. पित्ताशयासारखाच आजार, फक्त कापून काढता येत नाही. मी थकलेय. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही फ्रीज भरलात, आता ही भरा."

चमचे थांबले. पास्टर घसा खाकरून प्रार्थनेबद्दल काही बोलू लागले.

"प्रार्थना कराच," मार्डेल म्हणाली, "पण ओव्हन लावून करा."

मग आर्डिसबाईंनी विचारलं, "त्याला कांदा चालतो का?"

"त्यालाच विचारा. बाहेर गाडीत बसलाय."

आर्डिसबाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी प्रत्येक डिशमधलं थोडं थोडं माझ्यात वाढून घेतलं आणि कोट न घालताच मला घेऊन त्या बर्फात बाहेर आल्या. लोवेलने गाडीची काच खाली केली.

"कांदा खातोस ना?"

"खातो. वाटाणे नकोत."

"वाटाणे कोणालाच नको असतात रे बाबा. पास्टरांची बायको तरी घालतेच."

लोवेल हसला. पलीकडचं दार उघडून त्याने त्यांना बसायला जागा केली, आणि त्या बसल्या.

गुरुवारी त्या पत्ते घेऊन आमच्या घरी आल्या. लोवेलने त्यांना सारखं हरवलं. मार्डेल दुपारभर गाढ झोपली.

मित्रांनो, आम्ही वस्तू आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करतो. मी करणार नाही. मला खुशाल ओरखडे पडू द्या. तुमच्या गल्लीत असं एक घर आहे आणि ते कोणतं हे तुम्हाला माहीत आहे. काय बोलावं ते सुचत नाही, ही सबब मला सांगू नका. बोलू नका. दार वाजवा, गरम जेवण हातात द्या, आणि आत बसायला जागा आहे का, एवढं विचारा.