काखेतल्या नळ्या

“मावशी, उजवा हात अंगाला घट्ट. कुणी काही म्हणालं तरी उचलायचा नाही,” असे म्हणत संशोधन करणाऱ्या पोरीने बोटाच्या पेराएवढी कुपी मावशींच्या काखेत सरकवली.

खाली सभागृहात मावशींचाच निरोप समारंभ सुरू होणार होता आणि वर प्रयोगशाळेतले कुप्या गरम ठेवणारे यंत्र ऐन वेळी बंद पडले होते.

आपल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. नळ्या भारी नाजूक. थंडी वाजली की विस्कटतात. त्यांना धरून ठेवणारे एक प्रथिन असते आणि ते कसे बनवायचे हे आपल्या एका जनुकात असते. पोरीने ते जनुक जंतूंमध्ये घालून त्यांच्याकडून प्रथिन करून घेतले होते. दोनदा फसले; तिसऱ्यांदा जेमतेम थेंबभर हाती आले. त्याला चमकणारा हिरवा रंग लावून ते कुपीतल्या नळ्यांत मिसळले होते. नळ्यांवर बसले, तर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे धागे दिसणार. अर्धा तास अंगाइतकी ऊब मिळाली नाही, तर सगळे पाण्यात.

पोरीचे स्वतःचे हात बर्फात होते. बाकीच्या कुप्यांची तयारी बर्फातच करावी लागत होती, त्यामुळे तिला काख घट्ट मिटून बसता येईना. आणि मावशींना नाही म्हणवेना. नोकरीभर त्यांनी या जंतूंचे खाणे उकळले, त्यांची भांडी घासली. पण आत काय चालते ते एकदाही पाहिले नव्हते. उद्यापासून तर दारातूनही आत येता येणार नव्हते.

सभागृहात साहेबांनी भला मोठा गुच्छ पुढे केला. मावशींनी डावा हात पुढे केला, तेव्हा निम्मा गुच्छ साहेबांकडेच राहिला. हात मिळवतानाही डावाच. साहेब गहिवरले. संस्थेसाठी राबून राबून या बाईंचा हात गेला, असे त्यांनी भाषणात सांगितले. बायका डोळे पुसू लागल्या. त्याच हाताने सकाळी दार कसे आपटले होते हे ऐकलेले मावशींचे यजमान मात्र चक्रावले. पुढे येऊन कुजबुजले, “अगं, हाताला काय झालं?”

“काही नाही. नळ्या उभ्या राहतायत.”

“कुठे?”

“काखेत. गप बसा जाऊन.”

ते बसले आणि शेजारच्याला हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारू लागले. दोन शब्द बोलायला सांगितल्यावर मावशींनी “बरं चाललं, येते” एवढेच म्हटले आणि जिना गाठला. फोटोला उत्सवमूर्तीच नाही.

वर पोरीने थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाचे भिंग काचेच्या कडेवर नीट जुळवले, थेंब त्याखाली सरकवला आणि त्यात न बघताच खुर्चीवरून उठली.

“बसा.”

“अगं, तू आधी बघ. तुझं आहे ते.”

“बसा हो.”

मावशींनी चष्मा काढला, पुन्हा लावला, वाकल्या. भिंगाला डोळा लावून बसल्या. पोरगी नखे कुरतडू लागली.

“मावशी, आहेत का?”

मावशींनी डोळा न हलवता हात मागे नेऊन तिचे मनगट धरले. “आहेत. किती सरळ आहेत गं.”

शिपाई सांगत आला, फोटोसाठी सगळे खोळंबलेत. पोरीने दार लावून घेतले आणि अजून काहीच न बघितलेली ती दाराला पाठ लावून उभी राहिली.