माहेरची बोली

‘ताई, थांब की गं!’ मिरजेच्या रस्त्यावर मागून धावत येणाऱ्या सुबोधचा तो आवाज ऐकूनही आता कितीतरी वर्षं झाली. सुबोध दुबईत असतो. आवाज जाड झालाय, बहिणीशीसुद्धा निम्मं इंग्रजीत बोलतो. पण चंडीगडजवळच्या खरड गावातल्या त्या अरुंद जिन्यावर किन्नू संत्र्यांची पिशवी सांभाळत चढताना खालून हाक आली,

"मावशी, थांबा की! मी घेतो पिशवी."

आणि शैलजाचं पाऊल तेव्हा थांबायचं तसंच आपसूक थांबलं.

"नको रे अंबरीश. तू गाडीपाशीच थांब. आधी मी बोलते पारसशी, मग तुला हाक मारते."

"बरं की."

ती हसतच उरलेल्या पायऱ्या चढली. चंडीगडच्या शाळेत शिकवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. स्टाफरूममध्ये हिंदी-पंजाबी, आणि घरी अवनीला मराठीत विचारावं तर पोटची पोर उत्तर हिंदीत देणार. अशात गेल्या वर्षी सांगलीहून वडिलांच्या बदलीबरोबर अंबरीश तिच्या नववीच्या वर्गात आला. वर्गात तो ‘मॅम’ म्हणायचा, व्हरांड्यात ‘मावशी’. पाटाचं पाणी कोरड्या सरीत शिरावं तशी त्याची बोली तिच्या दिवसात शिरली. बाकाशी उभी राहून ती त्याच्याशी दोन वाक्यं मराठीत बोलायची, हसायची, आणि मग फळ्याकडे वळायची.

पारस त्याच वर्गातला. मागच्या बाकावरचा, न बोलणारा. वडिलांचं इंडस्ट्रियल एरियात लेथचं छोटं वर्कशॉप. म्हणून पोरं त्याला ‘ग्रीस’ म्हणायची, तो जवळून गेला की नाक दाबायची. "ओए ग्रीस, खिड़की खोल यार, मर जाएँगे!" शैलजा टेबलावर डस्टर आपटायची. "बस, बस. बहुत हो गया." पोरं गप्प व्हायची. तिला तेवढं पुरायचं.

नाताळच्या सुट्टीआधी पारस शाळेच्या जिन्यावरून पडला आणि त्याचं कोपर मोडलं. पाय घसरला, असं अंबरीशनं सांगितलं. तेच तिनं प्रिन्सिपॉलना सांगितलं. सुट्टी संपली, शाळा भरू लागली, पण पारस येईना. ‘नहीं जाता तो नाम कटवा देते हैं, मेरे साथ काम पे बैठेगा,’ असा वडिलांचा फोन आला, तेव्हा ती निघाली. अंबरीशला बरोबर घेतलं, कारण तोच म्हणाला होता, मी पण येतो की, नोट्स देतो त्याला.

पारसच्या आईनं दार उघडलं. "आओ जी मैडम जी, बैठो. चाय रखती हूँ." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

पारस पलंगावर रजई ओढून बसला होता. प्लास्टरवर कुणाचीही सही नव्हती. शैलजानं खुर्ची ओढली, एक किन्नू सोलायला घेतला.

"सब पूछते हैं तुम्हें," ती म्हणाली. "अंबरीश भी आया है, नोट्स लेकर. बुलाऊँ?"

पारसच्या चांगल्या हाताची मूठ रजईच्या काठावर वळली. तेवढ्यात उघड्या बाल्कनीतून खालचा आवाज आला.

"मावशीऽ, येऊ का वर? कुत्रं बघतंय हो माझ्याकडं!"

शैलजा खळखळून हसली. बसल्या जागेवरूनच ओरडली, "थांब रे, खातंय होय तुला ते!"

वळून पाहिलं तर पारस तिच्या तोंडावर उरलेल्या हसण्याकडे बघत होता.

"क्या बोला उसने?"

"कुछ नहीं बेटा. नीचे कुत्ता है, डर रहा है."

"क्लास में भी आप ऐसे ही हँसती हैं. उसके साथ. फिर वो सबको बताता है, मैम ने क्या कहा."

"क्या बताता है?"

पारसनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"कि मैम को भी मुझसे बदबू आती है."

सालीचा तुकडा शैलजाच्या बोटांतच राहिला. "मैंने ऐसा कभी..." ती म्हणाली.

"उस दिन सीढ़ियों पर," पारस म्हणाला, "मैं नीचे पड़ा था. उसने ऊपर आपको कुछ कहा, और आप हँसीं. क्या कहा था, मैम?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. ती स्टाफरूममधून बाहेर येत होती. जिन्याच्या तोंडाशी अंबरीश उभा, दोन्ही हात खिशात. ‘आपटलं बघा बेणं!’ म्हणाला. बेणं! इतक्या वर्षांत तो शब्द कुणी तिच्या कानावर घातला नव्हता. आतलं काहीतरी उमललं, आणि खाली वाकून बघायच्या आत हसू बाहेर पडलं होतं.

या घरात मराठी कुणाला येत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. ‘हमारे यहाँ प्यार से बोलते हैं,’ हे ओठांपर्यंत आलंसुद्धा. तिनं ते गिळलं. किन्नू ताटलीत ठेवला, हात पदराला पुसले.

"उसने कहा, देखिए, कैसे गिरा साला."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला.

"मावशीऽऽ!" खालून पुन्हा हाक आली. शैलजा उठली, बाल्कनीचं दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि या वेळी खुर्चीवर न बसता पलंगाच्या काठावर येऊन बसली.

पारसनं प्लास्टरवरून बोट फिरवलं.

"गिरा नहीं था मैं," तो म्हणाला. "उसी ने धक्का दिया था."