दोरा बांधलेला प्रिंटर

नवीन प्रिंटर आणला की आधी कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर टाकायचा आणि मगच केबल जोडायची, हे खोक्यावर चित्र काढून लिहिलेलं असतं. आमच्या श्रीहरीभाऊंनी खोकं उघडलं ते वाचायला नव्हे, हार घालायला.

भाऊ वडशातल्या आमच्या नाटक मंडळाचे मालक. मी, नूतन, त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळते. आमच्याकडे सिझनच्या सुरुवातीला तबला-ऑर्गनची पूजा करून दोरा बांधतात आणि सिझन संपेस्तोवर तो कोणी सोडत नाही. भाऊंनी प्रिंटरलाही तोच नियम लावला. केबल जोडली, नारळ फोडला आणि केबलचं एक टोक प्रिंटरला आणि दुसरं कॉम्प्युटरला लाल दोऱ्याने करकचून बांधून टाकलं. कॉम्प्युटरने प्रिंटरला ओळखलंच नाही. 'अननोन डिव्हाइस' लिहून, पिवळं उद्गारचिन्ह लावून मोकळा झाला.

आणि हे नेमकं आजच! सिंदेवाहीकडच्या एका गावात रात्री प्रयोग होता. इतकी वर्षं दासी नि शेजारणी केलेली संघप्रिया पहिल्यांदाच नायिका होणार होती. गाव तिच्या माहेरचं. लेकीचं एकही नाटक न पाहिलेल्या तिच्या आईने, बायनाबाईने, बजावलं होतं, "पोस्टरवर मोठ्या अक्षरात नाव दिसन त येतो, नाईतर नाई." जुन्या पोस्टरवर जुन्या नायिकेचं नाव. नवी पोस्टरं दुपारच्या जीपने पुढे जायला हवी होती.

मी ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दर वेळी अर्ध्यावर येऊन तो सांगे, केबल काढा.

"भाऊ, केबल काढू द्या ना!"

"पूजेचा दोरा सोडाचा नसते, बाई. प्रिंटरचं बटणही बंद नको करू. दुसरं काई कर."

"दुसरं काईच नसते!"

"काऊन नसते? एवढी शिकली नं तू?"

प्रिंटर उचलून वैनगंगेत टाकावा, असं मला अगदी मनापासून वाटलं. बाहेर जीपने हॉर्न मारला, वाट पाहिली, पुन्हा मारला आणि निघून गेली.

संघप्रिया दारातून हे सगळं बघत होती. ती आत आली, माझ्या टेबलावरची कात्री घेतली. "पाप लागन त मले लागन, भाऊ," म्हणाली आणि दोरे कापले. केबल निघाली, ड्रायव्हर गुमान बसला, केबल पुन्हा जोडली आणि पोस्टरं सरसर बाहेर आली. मला रडूच आलं. एवढ्याशा गोष्टीपायी दुपार गेली होती आणि जीपही.

संध्याकाळी कलाकारांच्या गाडीने आम्ही त्या गावात पोचलो. बाकीचे सामान उतरवू लागले. संघप्रिया मात्र खळीचा डबा घेऊन थेट चौकात गेली आणि चावडीच्या भिंतीवर स्वतःचं नाव स्वतःच चिकटवू लागली. मी धावले, पण माझ्याआधी बायनाबाई तिथे पोचल्या होत्या.

बाईंनी नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग लेकीच्या खळीने भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"नायिका तू, अन् पोस्टरही तूच लावून राह्यली?"

बाईंनी पदर खोचला आणि पोस्टरचं दुसरं टोक धरलं.

"सरक तिकडं. लोक म्हणतीन, घरचं कोणी नाई का इले?"