डोक्यावर आडवं वल्हं

"छाती जराशी फुगवा भाऊ, अन् बंदूक अशी तिरपी धरा," असं म्हणत फोटोवाल्यानं श्रावणच्या हातात लाकडी बंदूक कोंबली. देवळीतल्या त्या अकादमीत भरतीच्या पोरांना कवायतीसाठी असल्या बंदुका देतात; काळा रंग फासलेल्या, दस्त्याला खिळे ठोकलेल्या. श्रावणनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली.

"काऊन ठेवली?" अकादमीचे मालक सदाशिवराव टेबलामागून ओरडले. "पोस्टरवर बिनबंदुकीचा गार्ड पाह्यला का कोनी? लोक म्हनतीन, हा एटीएमपाशी बसनारा आहे."

"म्हनू द्या."

"कसं म्हनू द्या? अरे, पवनारच्या वाघानं समुद्रात डाकू लोळवला, पुरा जिल्हा बोलून राह्यला! रविवारी सत्कार आहे, शाल आहे, नारळ आहे. तुम्ही फक्त उभं राहाचं अन् पोरांले दोन शब्द सांगाचे."

"मी कोनाले लोळवलं नाई, साहेब."

"तुम्ही नाई त तुमच्या टीमनं. एकच झालं ना ते."

एकच झालं! श्रावण तिथून उठला, बसस्टँडवर आला, वर्ध्यात बस बदलून पवनारला उतरला, तरी ते दोन शब्द कानातून निघेनात. म्हणणाऱ्याचं काय जातं? बंदूक कोणी चालवली, कोणावर चालवली, कशासाठी चालवली, सगळं एकाच पोत्यात घालायचं आणि वरून नारळ ठेवायचा.

श्रावण धाम नदीकाठच्या भोईपुऱ्यातला, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतला. त्याचा बाप नदीवर जगला, आजा नदीवर जगला, हा मात्र फौजेत भरती झाला. नाईक होऊन परत आला तेव्हा अंगात ताकद होती आणि हाताला काम नव्हतं. निवृत्त जवानाला लोक सलाम ठोकतात, मग दारावर बसायला सांगतात. बँकेचं दार, दुकानाचं दार, गोदामाचं दार. श्रावण दोन-तीन दारांवर बसला आणि कंटाळला. तेवढ्यात सदाशिवरावांच्या अकादमीतून जहाजावरचं काम निघालं. अकादमी माणसं पुरवायची, मुंबईची एक कंपनी त्यांना जहाजांवर चढवायची.

काम असं की, ज्या समुद्रात चाचे येतात तिथून जाणाऱ्या मालाच्या जहाजावर चार बंदूकवाले ठेवायचे. एका बंदरावर चढायचं, धोक्याचं पाणी ओलांडलं की दुसऱ्या बंदरावर उतरायचं. जहाजावरचे लोक त्यांना नावानं ओळखत नसत. कप्तान म्हणायचा गार्ड वन, गार्ड टू. श्रावण गार्ड थ्री होता. कठड्याला काटेरी तार गुंडाळलेली असे आणि खलाशांच्या कामाच्या जुन्या कपड्यांत चिंध्या भरून माणसासारखी बुजगावणी उभी केलेली असत. श्रावणला पहिल्यांदा हसू आलं होतं. सोयाबीनच्या वावरातलं बुजगावणं इतक्या दूर समुद्रात काय करून राहिलंय!

चाचे खोटे नव्हते. एकदा शिड्या लावायला आलेल्या होड्या त्यानं स्वतः पाहिल्या होत्या. तेव्हा नियमाप्रमाणे चौघांनी बंदुका दोन्ही हातांनी डोक्यावर आडव्या धरल्या. दुरून दिसावं, इथं हत्यार आहे, मागं फिरा. त्या होड्या फिरल्या. काम असंच असतं, मारायचं नसतं, दाखवायचं असतं.

पण शेवटच्या फेरीत एक होडी फिरली नाही.

भर दुपार होती. किनाऱ्याच्या बाजूनं मोटर लावलेली एक लहान होडी सरळ जहाजावर येत होती. चौघांनी बंदुका डोक्यावर धरल्या. होडीत तीन माणसं होती. पुढचा एक उभा राहिला आणि त्यानंही दोन्ही हातांनी डोक्यावर काहीतरी लांब आडवं धरलं. श्रावणनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ते उभं राहणं त्यानं एकदम ओळखलं. धामवर गणपती बुडवायला लोकांच्या नावा येतात, तेव्हा त्याचा बाप असाच उभा राहायचा. वल्हं डोक्यावर आडवं धरून थेट त्या नावांच्या वाटेत यायचा. त्याचा अर्थ एकच: पुढं माझं जाळं आहे, बाजूनं जा. श्रावणनं दुर्बीण जरा पलीकडं नेली. पाण्यावर तेलाचे रिकामे पांढरे डबे ओळीनं तरंगत होते.

"जाल है साब!" तो ओरडला. "सामने जाल है! मछुआरे हैं!"

"रॉकेट लॉन्चर है उसके सिर पे," टीम लीडर म्हणाला.

"चप्पू है साब, चप्पू! जहाज को घुमने बोलो!"

टीम लीडरनं आधी इशारा म्हणून पाण्यात गोळी घालायला हवी होती. घातली नाही, सरळ होडीवर झाडली. वल्हंवाला, कोणी खांद्यावर हात ठेवून बस म्हणावं तसा, खाली बसला. मग आडवा झाला. होडी जागीच गोल फिरू लागली. जहाज थांबलं नाही, इतकं मोठं जहाज असल्या गोष्टीसाठी थांबत नसतं. डबे एकामागून एक त्याच्या पोटाखाली गेले. संध्याकाळी कप्तानानं चौघांना थंडगार कोकाकोला पाठवला. हल्ला परतवला म्हणून.

श्रावणनं टीम लीडरला सांगितलं. मुंबईत उतरल्यावर कंपनीच्या साहेबाला सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची मागं ढकलली आणि म्हणाला, "आप थक गए हो. गाँव जाओ, आराम करो." आणि मग त्याच साहेबानं अकादमीला फोन करून सांगितलं, तुमचा माणूस बहाद्दर निघाला, त्याचा सत्कार करा, अजून पोरं पाठवा!

बसमधून उतरून श्रावण घरी आला तेव्हा आई, आनंदाबाई, ओसरीवर फाटक्या जाळ्याला गाठी मारत बसली होती. बायको नंदिनी चहा ठेवत होती. श्रावण पायरीवर बसला आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं त्यानं एका दमात सांगून टाकलं. वल्ह्याचं, डब्यांचं, कोकाकोल्याचं.

आनंदाबाईचे हात थांबले. ती रडली नाही, अरे देवा म्हणाली नाही. जाळं मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "मंग त्याचं जाळं कोनं काढलं?"

"काय माहीत, माय."

"तसंच राह्यलं असन पान्यात?"

"जहाज गेलं त्याच्यावरून."

"कायचं काम आहे बाबू तुमचं हे?" आनंदाबाई म्हणाली. "जाळ्यावरून जाता अन् वरून मानूस मारता?"

नंदिनी चहा घेऊन बाहेर आली. ती वाईट बाई नव्हती. घर तिला चालवायचं होतं. "हे पाहा," ती म्हणाली, "मी म्हनतो, झालं ते लय वाईट झालं. पन रविवारी तुम्ही गप उभे राहाजो. हार घालून घेजो अन् येजो. तिथं तोंड उघडलं त कंपनी पुन्हा बोलावन का तुमाले? मंग बसा बँकेच्या दारात."

"अन् त्याले डाकू म्हनू देऊ?"

"तुमच्या बोलन्यानं तो उठून बसते का?"

"उठत नाई. पन डाकू म्हनून त नाई राह्यत."

"त्याले काय ऐकू येऊन राह्यलं देवळीतलं?"

श्रावणनं कप उचलला नाही. चहावर साय धरली.

रविवारी तो गेला. आनंदाबाईही निघाली. येऊ नको म्हटलं तर तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि आधी जाऊन बसमध्ये बसली. अकादमीच्या मैदानात मांडव होता. पांढऱ्या बनियनमधली पोरं रांगेनं बसली होती, ऊस उभा असावा तशी ताठ. सदाशिवरावांनी भाषण केलं. ते म्हणाले, या जवानानं समुद्रातल्या राक्षसांना धूळ चारली. समुद्रात धूळ कुठून आली, असा प्रश्न कोणाला पडला नाही. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, माईक आला.

श्रावणनं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं.

"पोरंहो," तो म्हणाला, "आम्ही डाकू मारला नाई. मासोळ्या धरनारा मारला."

मांडवात कोणी खोकलं.

"त्याचं जाळं होतं पुढं. तो सांगाले आलता, बाजूनं जा म्हनून. वल्हं धरून उभा होता डोक्यावर. मी ओरडलो, पन माह्या लीडरनं ऐकलं नाई, गोळी घातली. त्याच्यापाशी बंदूक नोती. असं झालं ते. अन् आता तुमाले सांगून राह्यले का आम्ही..."

माईक बंद झाला. "वायर हालली वाटते," असं म्हणत सदाशिवराव लगबगीनं उठले, दुसरा माईक घेतला आणि हसत हसत म्हणाले, "पाहा पोरंहो! फौजी कसा असतो पाहा! दुश्मनासाठीही ज्याच्या डोळ्यात पाणी येतं, त्याला म्हणायचं मर्द! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या. पोरांचा काय दोष? त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं, त्यांनी वाजवल्या. पण श्रावणच्या अंगाचा भडका उडाला. मारलेल्या माणसाला आधी डाकू केलं, तेवढ्यानं पोट भरलं नाही, आता त्याच्या मरणाचीही यांनी शोभा केली.

"टाळ्या कायच्या वाजवता?" तो ओरडला. माईक नव्हता, पण नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक मारणाऱ्यांच्या घरातला गळा होता तो. "बंद करा! मानूस मेला तिथं, तमाशा नाई झाला! तुमच्या बापासारखा होता, कामावर आलता! ज्याले जहाजावर जायचं त्यानं जावं, मी नाई म्हनत नाई. डाकू असतात, खरे असतात. पन आधी पाहाले शिका, मंग बंदूक धरा. अन् मारला त मारला म्हना! त्याले डाकू म्हनून हार घालून घेऊ नका!"

आता मात्र टाळी पडली नाही. सदाशिवराव दातांतल्या दातांत बोलले, "श्रावणभाऊ, पुऱ्या बॅचचा सत्यानाश केला तुम्ही. खाली उतरा."

"उतरून राह्यलो," श्रावण म्हणाला. त्यानं शाल काढून खुर्चीवर ठेवली. मांडवाच्या कडेला आनंदाबाई आधीच उठून उभी होती. दोघं बसस्टँडकडे चालू लागले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "जेवन होतं वाटते तिथं. कढीचा वास येत होता."

"भूक लागली का, माय?"

"लागली. पन तिथची नाई."

बस पवनारच्या अलीकडं असतानाच त्यानं मोबाईल पाहिला. कंपनीच्या गार्ड लोकांचा जो ग्रुप होता, त्यातून त्याला काढलं होतं. त्यानं आईला सांगितलं नाही. नंदिनीला घरी जाऊन सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, मग ताट वाढलं. वाढताना मात्र दोनदा विचारलं, भात अजून पाहिजे का.

संध्याकाळी आनंदाबाई भोईपुऱ्यात नत्थूजीकडे गेली. नत्थूजी वस्तीतला सगळ्यात म्हातारा भोई. तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण थोड्या वेळानं श्रावणला बोलावणं आलं. नत्थूजीच्या अंगणात पाच-सहा जण बसले होते.

"नाव काय होतं त्याचं?" नत्थूजीनं विचारलं.

"माहीत नाई, बुवा."

"घरी कोन कोन आहे?"

"तेही माहीत नाई."

"मुसलमान असन," बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला. "तिकडं सारे तेच आहेत."

"असन," नत्थूजी म्हणाला. "पान्यात जाळं होतं ना त्याचं?"

"होतं," श्रावण म्हणाला.

नत्थूजीनं मान हलवली आणि दाराशी काढून ठेवलेलं जाळं उचलून बांबूवर टांगलं. भोईपुऱ्यात एक रीत आहे. पाण्यावर काम करता करता माणूस गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी कोणी नदीत जाळं टाकत नाही. गेलेला आपल्या घरचा असो की शेजारच्या गावचा, कोणी विचारत नाही.

सोमवारी सकाळी धामच्या काठावर सगळी जाळी बांबूंवर कोरडी टांगलेली होती. नावा पालथ्या होत्या. रस्त्याच्या कडेला आनंदाबाई रोजच्या जागी येऊन बसली होती, समोर रिकामं टोपलं. वर्ध्याची बस थांबली. नेहमीची एक बाई पिशवी झुलवत खाली उतरली.

"काऊन मावशी, आज मासोळी नाई?"

"नाई."

"कोनापाशीच नाई?"

"कोनी गेलं नाई नदीवर. आमच्यातला एक मेला."

"अगंबाई! कोन वं?"

आनंदाबाईनं टोपल्याला चिकटलेला एक वाळका खवला नखानं काढला.

"दूर राहे," ती म्हणाली, आणि टोपलं पालथं घातलं.