न भिजणारा लंगोट

मी एक जुना लंगोट आहे. हसून घ्या, मित्रांनो. माझे नाव उच्चारताच लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पैलवानाच्या लंगोटाला समाजात काही मान तरी असतो. मी तान्ह्या बाळाचा लंगोट, त्यामुळे चारचौघांत माझा विषय निघत नाही आणि निघालाच तर नाकाला पदर किंवा रुमाल लावून निघतो. तरीही माझे एक म्हणणे शांतपणे ऐकावे. आज जे कोणी ताठ मानेने शाळेत, कचेरीत वा बाजारात हिंडत आहेत, त्या सर्वांना जगात आल्याबरोबर माझ्याच कुळातील कोणीतरी झाकले होते. कृतघ्नपणा हा शब्द मोठा आहे, म्हणून मी तो वापरत नाही. विसरभोळेपणा म्हणतो.

माझा जन्म एका जुन्या चादरीतून झाला. ती चादर आईच्या माहेरची होती. आई म्हणजे आमच्या बाळाची आई. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्या चादरीचा रंग गेला होता, पोत विरळ झाला होता आणि अंगी असा मऊपणा आला होता, की जो कोणत्याही नव्या कापडाला दुकानात मिळत नाही. बाळंतपणासाठी मदतीला आलेल्या आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, ती चादर एका झटक्यात टरकावली. आत्याचा आवाज मोठा, हात सढळ आणि मते पक्की होती.

“नवं कापड टोचतं गं बाळाला,” ती म्हणाली. “जुनंच पाहिजे. माणसंसुद्धा जुनी झाली की मऊ होतात.”

“सगळीच नाही, ताई,” आई सुई ओवता ओवता म्हणाली.

आत्या खो-खो हसली. त्या हसण्यातच माझ्या कडा दुमडल्या गेल्या, कोपऱ्यांना नाड्या लागल्या आणि मी व माझी भावंडे घडी होऊन फळीवर वाट पाहत बसलो.

बाळ आले. मुलगी होती. तिचे पाळण्यातले नाव काही का असेना, बाबा तिला ‘सरकार’ म्हणू लागले; कारण तिने हाक मारली की सर्वांनी हातातले काम टाकून उभे राहायचे, आणि तिची तक्रार काय आहे हे ओळखण्याची जबाबदारीही प्रजेचीच! “सरकार ओले झाले,” अशी आरोळी आली की आमच्यापैकी एकाची नेमणूक होई. काही वेळातच तो बादलीत असे आणि दुसरा कामावर रुजू होई.

आमच्या धुण्यालाही एक शास्त्र आहे, मित्रांनो, आणि ते शास्त्र न शिकता त्याला हलके काम म्हणणाऱ्यांशी मी केव्हाही वाद घालायला तयार आहे. मळलेला लंगोट आधी गार पाण्यात खळबळावा लागतो. घाईने गरम पाणी ओतले, तर डाग जाण्याऐवजी पक्का बसतो. मग साबण, मग ऊन पाणी, मग घासणे, मग साबणाचा अंशही राहणार नाही इतके खळबळणे, मग पिळणे, झटकणे आणि कडक उन्हात वाळत घालणे. इतके सारे करून दोरीवरचा शेवटचा लंगोट घडी होतो न होतो, तोच बादली पुन्हा भरलेली असते. पीठ दळून झाले की जात्याला विसावा असतो. आम्हाला आणि आम्हाला धुणाऱ्या हातांना तो नसतो.

हे हात सुरुवातीला आईचेच होते. आत्या स्वयंपाक आणि बाळाचे न्हाणे सांभाळी. पण लंगोट मात्र आई कोणाच्या हाती देईना. तिच्या बोटांची टोके पाण्याने सुरकुतली. एकदा सकाळी ती मला पिळता पिळता तशीच थांबली. तिचे डोके मोरीच्या भिंतीला टेकले, नळ वाहत राहिला, आणि मी तिच्या मुठीत अर्धा पिळलेला तसाच लोंबत राहिलो. ती बसल्या जागी झोपली होती.

बाबांनी ते पाहिले. त्यांनी नळ बंद केला, माझी सुटका केली आणि जाहीर केले, “आजपासून धुणं माझ्याकडे. तू फक्त सरकारकडे बघ.”

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून बसवण्याचे काम करत. बोटाचा ठसा, धुळीचा कण, पाण्याचा ओघळ, यांपैकी काहीही त्यांना खपत नसे. त्यांनी तोच बाणा आमच्या धुण्यात आणला. कामावर जाण्यापूर्वी ते बाह्या सरसावून मोरीत बसत, प्रत्येक लंगोट उजेडापुढे धरून पारखत, आणि डागाची सावली जरी दिसली तरी पुन्हा साबणात बुचकळत. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु लेकीच्या नाजूक त्वचेला आणखी मऊ काय देता येईल, या विचारात त्यांनी बाजारातून एक बाटली आणली. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे, शेवटच्या पाण्यात घालायचे ते दाट निळसर द्रव्य होते. बाटलीवर लिहिले होते, ‘एक झाकण’. बाबांचे प्रेम एका झाकणात मावणारे नव्हते. शिवाय सुवास निघून जाईल म्हणून त्यानंतर ते आम्हाला साध्या पाण्यातून खळबळून काढतही नसत.

तेव्हापासून आमचे कौतुक सुरू झाले. आत्याने मला गालाला लावून पाहिले. “बाळ्या, लोणी झालंय रे लोणी!” ती म्हणाली. थोरली बहीण असल्याने बाप झालेल्या भावालाही ती ‘बाळ्या’च म्हणे. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई गॅलरीतून ओरडल्या, “तुमच्या दोरीचा वास आमच्या स्वयंपाकघरात येतो हो! आमच्या घरच्यांना जरा दाखवा, पुरुषानं धुतलेलं कसं असतं ते.”

“दाखवून काय होणार?” आत्या म्हणाली. “वास घेतील आणि झोपतील.”

मीही त्या दिवसांत तुळतुळीत दिसत होतो. फक्त एक गोष्ट हळूहळू बदलत गेली. मला तहान लागेनाशी झाली. पाणी माझ्यावर येई, पण माझ्यात येत नसे. धाग्याधाग्यावर त्या द्रव्याचा एक गुळगुळीत थर बसत चालला होता. लंगोटाने ओलावा पिऊन घ्यायचा असतो, हा त्याचा एकमेव धर्म. आणि मी सुगंधी, शुभ्र, मुलायम होऊन नेमका तोच धर्म गमावून बसलो होतो.

मग सरकारच्या मांड्या ओल्या राहू लागल्या. ओल मांडीवरून ओघळून अंथरुणात जाई आणि लंगोट बाहेरून चाचपावा तर कोरडा लागे. “अजून कोरडाच आहे की,” असे म्हणून तो तसाच ठेवला जाई. अंथरूण भिजते, म्हणजे बांधणे सैल होते आहे, असा निष्कर्ष निघाला आणि नाड्या अधिक आवळल्या गेल्या. पाहता पाहता बाळाची कातडी लाल झाली, मग सोलवटली. मला बांधायला घेताच तो कोवळा जीव असा किंचाळे, की ते ऐकून मला दोरीवरून वाऱ्याने उडून जावेसे वाटे.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिले. “कोरडं ठेवा,” त्या म्हणाल्या, आणि विचारले, “लंगोट नीट धुता ना?”

बाबांना तो प्रश्न झोंबला. “डॉक्टर, माझ्या दुकानातल्या भिंगांपेक्षा स्वच्छ आहेत!”

अशा ठाम उत्तरापुढे कोण काय विचारणार? मलम लागत राहिले, लाली वाढत राहिली. लंगोटावर संशय उरला नाही, तेव्हा तो माणसावर गेला. आणि घरात संशयाला बसायला जागा हवी असली, की तो बहुधा सर्वांत थकलेल्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो.

“तू काय खाल्लंस काल?” आत्याने आईला विचारले. “आईच्या पोटात जातं तेच दुधात उतरतं, आणि दुधातलं बाळाच्या अंगावर.”

आईने तिखट सोडले, मग आंबट, मग डाळी, मग फळे. ताटात मऊ भात आणि पाणी उरले. ती वाळत चालली आणि बाळ तसेच रडत राहिले. अखेर आत्या एक दिवस दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आली आणि तो तिने टेबलावर ठेवला.

“तुझं दूध बाळाला बाधतंय, दुसरं काही नाही. उद्यापासून अंगावरचं बंद. वरचं दूध सुरू करू.”

आत्या दुष्ट नव्हती. बाळाचे किंचाळणे तिलाही सोसवत नव्हते, आणि उपाय सुचला की तो अमलात आणल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी खाली पाहिले. “ताई म्हणते तसं करून तर बघू,” ते पुटपुटले. आईने रडणाऱ्या बाळाला उचलून घेतले. वाद घालायलाही थोडी ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आईने बाळाला एकदा पाजले. हे शेवटचे, असे ठरले होते. पाजून झाल्यावर बराच वेळ तिने त्याला मांडीवरून उतरवलेच नाही. मग त्याला निजवून तिने पाण्याचा पेला उचलला. अशक्तपणाने तो तिच्या हातातून कलला आणि पाणी शेजारच्या धुतलेल्या लंगोटांच्या ढिगावर सांडले. त्या ढिगात सर्वांत वर मी होतो.

तिने सवयीने मला झटकण्यासाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पाणी माझ्यावर थेंबाथेंबांनी उभे होते. तिने एका थेंबाला बोट लावले. तो घरंगळला, माझ्या काठावर थांबला आणि टपकन फरशीवर पडला. तिने कमरेचा आपला रुमाल काढला. तो ती स्वतः, साध्या साबणाने धुवी. त्यावर तिने एक थेंब सोडला. रुमालाने तो तत्क्षणी गिळला.

“अहो, जरा इकडे या.”

“काय सांडलं?” बाबा दारातून म्हणाले.

“सांडलं तेच बघायला बोलावलंय.”

तिने पुन्हा एक थेंब रुमालावर टाकला, एक माझ्यावर. बाबांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते खाली वाकले.

“भिंगावर थेंब असाच उभा राहतो,” ते म्हणाले. “भिंग चांगलं असलं तर.”

“हे भिंग नाही.”

“नाही.” त्यांनी मला उचलून नाकाशी धरले. “ते वासाचं पाणी. मीच घालत होतो. मऊ व्हावेत म्हणून.”

आत्या पदराला हात पुसत आली होती. तिने पेल्यातले पाणी घेऊन स्वतः माझ्यावर शिंपडले. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणे तिच्या स्वभावात नव्हते. थेंब पुन्हा उभे राहिले.

“मग दुधाचं काय?” तिने विचारले.

“दुधाचं काय असणार, ताई?” आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. रागाला लागणारी ताकदही ताटातून केव्हाच वजा झाली होती. “दूध दूधच होतं.”

आत्याने क्षमा मागितली नाही. तिने टेबलावरचा डबा उचलला आणि माळ्यावर अगदी आत ढकलला. थोड्या वेळाने ती भरलेले ताट घेऊन आली. त्यात तिखट होते, आंबट होते, डाळ होती. “जेव,” ती म्हणाली. “आणि उरवू नकोस. मी इथंच बसलेय.”

त्याच सकाळी मोठ्या पातेल्यात आम्हाला उकळत ठेवले गेले. साबण अजिबात नाही, नुसते पाणी. तरीही पातेल्यात फेस आला! बाबांनी ते पाणी ओतले, नवे घातले, पुन्हा फेस. कपाळावरचा घाम बाहीने पुसत ते पाणी बदलत राहिले, फेस दिसेनासा होईपर्यंत. दोरीवर मी खरखरीत आणि बिनवासाचा वाळलो. बाबांनी माझ्यावर थेंब सोडला. तो माझ्यात शिरला. मित्रांनो, किती दिवसांनी मी तहानलो होतो!

सरकारची कातडी हळूहळू भरून आली. धुणे बाबांकडेच राहिले. चूक झाली म्हणून त्यांनी काम टाकले नाही, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून सांगतो. बाळाला पाजल्यावर आई दुपारी गाढ झोपे, आणि आत्या, तीच मोठ्या आवाजाची आत्या, दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने गप्प करी.

पुढे सरकारला आमची गरज उरली नाही. आमच्यापैकी कोणी पायपुसणे झाले, कोणी विरून गेले. मी खिडकीच्या काचा पुसतो. माझ्या मधोमध आता एक भोक आहे. परवाच त्या मुलीने मला चिमटीत धरून विचारले, “आई, हे काय आहे?”

“तुझा लंगोट.”

“शी!” तिने मला टाकून दिले. मग थोड्या वेळाने विचारले, “कोण धुवायचं?”

“बाबा.”

“आणि तू काय करायचीस?”

“मी झोपायचे,” आई म्हणाली, आणि हसली.

मित्रांनो, हे उत्तर मला मान्य नाही. परंतु तिच्याशी वाद घालणे माझ्या जिवावर येते. मी फार थकलो आहे. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी फाटणार, तो माझा क्रमच आहे. एवढेच करा. उद्या घरात काही बिघडले, कोणी रडले, कोणी आजारी पडले, तर जी व्यक्ती सर्वांत थकलेली दिसेल तिच्याकडे बोट दाखवण्याची घाई करू नका. आधी तिला पोटभर जेवू घाला, थोडे झोपू द्या, आणि तोवर बादली तुम्ही उचला.