मेंढीचं कार्ड

“तेव्हा बटण दाबायची कोण घाई! आणि आभार मानायला बावीस वर्षं!” दुकानाच्या दारावर ‘आज बंद’ची पाटी अडकवता अडकवता साकाए म्हणाली. “निघा आता. बस चुकली तर तेही पुढच्या जन्मावर ढकलाल.”

साकाए माझी बायको. तिची जीभ माझ्या वस्तऱ्याहून धारदार आहे, आणि वाईट म्हणजे ती बहुतेक वेळा खरंच बोलते. मी गुपचूप वाळवलेल्या माशांचं पुडकं उचललं आणि निघालो. रविवारी आमचं, म्हणजे मोरिवाकीचं, सलून बंद, हे आमच्या हामादा बंदरात कुणी पाहिलं नव्हतं. समोरचा मासेवाला ओरडलाच, “काय हो, कुणी गेलं की काय?”

“नाही रे बाबा. आज प्रश्नमंजूषेचा शेवटचा भाग.”

“मग दुकानात बसून बघायचा सोडून चाललात कुठे?”

“उवाजिमाला. एका आजींकडे बघायचाय.”

आमच्या दुकानाचा नियमच होता: रविवारी चारला टीव्हीवर प्रश्न सुरू झाला की वस्तरा गालावरून उचलायचा. फेस सुकला तरी चालेल, पण गिऱ्हाईक उत्तर द्यायला हललं आणि कापलं तर निस्तरणार कोण?

बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः त्या कार्यक्रमात गेलो होतो. गल्लीने माझ्या नावाचा कापडी फलक रस्त्यावर टांगला होता. शेवटच्या प्रश्नापर्यंत मी दुसरा होतो. निवेदकाने सुरुवात केली, “जपानमधलं सर्वांत उंच शिखर...” आणि मी बटण दाबलं. “फुजी!”

चूक. पूर्ण प्रश्न होता, ‘सर्वांत उंच शिखर फुजी, पण दुसऱ्या क्रमांकाचं कोणतं?’ असले ‘पण’वाले प्रश्न आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतात. घरी बसून मीच दर रविवारी टीव्हीवर खेकसायचो, ‘अरे गाढवा, पण येऊ दे की!’ आणि वेळ आली तेव्हा गाढव मीच निघालो. गुण कापले गेले आणि मी शेवटचा आलो.

मग काय विचारता! जो खुर्चीत बसेल तो म्हणायचा, “फुजीसाहेब, डोक्यावरचा डोंगर जरा कमी करा.” मी हसायचो, आतून जळायचो. दोन महिने ऐकलं आणि ठरवलं, दुकान विकायचं. मेव्हण्याच्या बर्फाच्या कारखान्यात जायचं, तिथे कुणी तोंड बघत नाही. साकाए रडली, भांडली, पण मी हटून बसलो.

जूनमध्ये टीव्ही स्टेशनकडून फिरत फिरत एक कार्ड आलं. नवीन वर्षाचं! ऐन जूनमध्ये! वर त्या वर्षाचं चिन्ह म्हणून मेंढीचं चित्र, छापील शुभेच्छा, आणि खाली वळणदार अक्षरात:

‘मीसुद्धा फुजीच म्हणाले होते. माझ्या हातात बटण नव्हतं म्हणून अब्रू वाचली. तुमचे केस फार छान कापले होते. कुणी कापले? किनुए तात्सुनो, उवाजिमा.’

केस साकाएने कापले होते. कार्ड तिला वाचून दाखवलं आणि दोघंही पोट धरून हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी दुकान झाडून उघडलं आणि कार्ड आरशाच्या कोपऱ्यात खोचलं. उत्तर लिहायचं होतंच. उद्या लिहू, परवा लिहू. एकदा घाई नडली म्हणून मी जन्मभर प्रत्येक गोष्टीला उशीर करत बसलो. कार्यक्रम बंद होतोय असं जाहीर झालं तेव्हा साकाएनेच नंबर शोधून फोन केला. आजी होत्या. पंच्याऐंशी वर्षांच्या.

बस, बोट, मग आगगाडी. वाटभर मी वाक्य घोकत होतो.

आजींचं घर माशाच्या वड्या तळायच्या कारखान्यामागे होतं. जन्मभर त्यांनी तिथेच वड्या थापल्या. आत टीव्ही मोठ्याने चालू होता.

“आलात? बसा, सुरू झालंय.”

मी गुडघे टेकले, मान लववली. “आजी, बावीस वर्षांपूर्वी तुम्ही...”

“श्श! प्रश्न चाललाय.”

जाहिराती लागल्या तेव्हा मी खिशातून कार्ड काढून पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, कार्ड नाकाशी नेलं, मेंढीवरून बोट फिरवलं.

“आठवतो का मी?” मी विचारलं.

“नाही हो. खोटं कशाला बोलू? ऐंशी जणांना लिहिली.”

“ऐंशी?”

“आमचे हे डिसेंबरात गेले. नवीन वर्षाची कार्डं आधीच आणून ठेवलेली. सुतकात कुणाला शुभेच्छा पाठवायच्या? पोस्टात बदलून देतात म्हणे. पण खिडकीशी उभं राहून ‘आमच्याकडे माणूस गेलं’ असं तोंडाने म्हणायचं... नाही झालं माझ्याच्याने.” त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं. “हा कार्यक्रम बघायला मी ह्यांच्याशेजारी बसायचे. दर वेळी शेवटच्याकडे बघून ह्यांचं एकच, ‘ह्याच्या घरी आज जेवण कसं जाणार गं?’ म्हणून मग दर रविवारी, जो शेवटचा येईल त्याला एक कार्ड. ऐंशी संपली तोवर मला एकटीला जेवता यायला लागलं.”

“उत्तरं आली कुणाची?”

“एकही नाही. स्टेशनात कचऱ्यात गेली असतील, असंच धरून चालले होते. परवा तुमच्या बायकोचा फोन आला तेव्हा कळलं, एक तरी पोचलं.”

मला मान वर करवेना. ऐंशीतलं एक पोचलं होतं, आणि तेही मी बावीस वर्षं दाबून ठेवलं होतं.

कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. शेवटचा प्रश्न. टोपी घातलेली एक बसकंडक्टर मुलगी पुढे होती. प्रश्न अर्धा झाला नाही तोच तिने बटण दाबलं.

“अगं थांब की, बाई!” आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

चुकली. शेवटची आली. तिने टोपी काढली, पुन्हा घातली, हसायचा प्रयत्न केला. मग नावं वर सरकायला लागली, आणि एवढ्या वर्षांचा कार्यक्रम संपला.

आजी म्हणाल्या, “बोला आता. पूर्ण बोला. मी मध्ये बटण नाही दाबत.”

घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. “मी दुकान विकणार होतो, आजी. तुमचं कार्ड आलं आणि नाही विकलं. अजून तिथेच केस कापतोय. साकाए तिथेच माझ्यावर ओरडतेय. चांगलं चाललंय आमचं. हे सगळं तुमच्यामुळे. फार उपकार झाले तुमचे.”

आजी ऐकत होत्या. मी गप्प झालो तरी वाट बघत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, “पण?”

“पण नाही, आजी. एवढंच.”

त्यांनी दोनदा मान हलवली. कार्ड दोन्ही हातांनी मला परत दिलं.

“मग जेवूनच जा,” त्या म्हणाल्या. “आणि जेवण झालं की त्या पोरीला दोन ओळी लिहा. माझा हात आता थरथरतो.”

त्यांनी टीव्ही बंद केला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फडताळातून दोन वाडगे काढले. एक रोजच्या वापरातला होता. दुसरा त्यांनी ॲप्रनच्या टोकाने पुसला.