सज्ज्याखालचे मोर

हेतलबेनच्या भांड्यांच्या दुकानासमोर कुणी फोटो काढायला थांबलं, की शेजारच्या चपलांच्या दुकानात महमूदभाई मनातल्या मनात जमाखर्च मांडत. आज चौघं थांबले. वाटीसुद्धा कुणी घेतली नाही. तेवढाच जिवाला गारवा.

पनवेलच्या जुन्या बाजारात ही दोन दुकानं एकाच भिंतीला चिकटलेली. वर लाकडी सज्जा, सज्ज्याखालच्या टेकूंवर कोरलेले मोर. धाकट्या भावाचे कुवेतहून पैसे येऊ लागले, तेव्हा महमूदभाईंनी आपली दर्शनी बाजू निळ्या चकचकीत शीटने झाकून घेतली. हेतलबेनला ते परवडलं नाही, म्हणून तिचे मोर उघडे राहिले. आता आर्किटेक्चर शिकणारी ऋचा तिथेच फलक लावणार होती, जुन्या बाजारातली शेवटची शाबूत दर्शनी बाजू म्हणून.

"शेवटची कशी?" महमूदभाई तिला म्हणाले. "माझे मोर पांघरूण घेऊन झोपलेत फक्त. रविवारी या, उठवून ठेवतो."

"मोर निघाले तर फलकावर दोघांचं नाव," ऋचा म्हणाली.

शनिवारी शीट उतरली. सज्जा धडधाकट होता. मोरही होते, पण एकालाही मान नव्हती. शीट सपाट बसावी म्हणून पुढे आलेलं सगळं करवतीने उडवलं होतं.

"त्या फिटरला धरतो आता," महमूदभाई म्हणाले.

"पुढे येतंय ते काप, असं खालून तुम्हीच सांगत होतात," त्यांची बायको जमिला म्हणाली. "मी चहा घेऊन शेजारी उभी होते."

"मोरांचं नाव कुठे घेतलं होतं मी?"

तेवढ्यात हेतलबेन बाहेर आली. "महमूदभाई, माझ्या मोरांची मापं घ्या. सुतार नव्या माना करून देईल. जोडीचेच तर आहेत."

ती मनापासून बोलली, हेच जास्त झोंबलं. महमूदभाईंची नजर भिंतीला टेकवलेल्या शीटकडे गेली.

"मापं राहू द्या. तुमचं लाकूड उन्हापावसात फुकट खराब होतंय, बेन. ही शीट घ्या. पैसे नकोत. फिटर उद्या सकाळी मोकळा आहे, ऋचा यायच्या आत बसवून टाकेल."

"आणि माना?"

"त्या जरा पुढे येतात. बघू."

जमिलाने कपाळाला हात लावला. हेतलबेन मात्र हसली. "शीट तुमच्याकडेच ठेवा. ऋचाला सांगते, फलकावर तुमचंही नाव टाक. एका ओळीत मोर कुणी जपले, दुसऱ्या ओळीत कुणी कापले."

महमूदभाईंनी थोडा विचार केला.

"वरच्या ओळीत कुणाचं येईल?"